गाळलेलं एक वाक्य

“दुसरी कशाला भरत बसतेस? तिच्यात कधी काही येत नाही,” मोठी सिस्टर धाकटीला म्हणाली. आवाज हळू होता, पण मी पडद्याच्या अगदी कडेला उभी होते.

धाकटीच्या ट्रेमध्ये दोन लहान बाटल्या होत्या, एकीचं झाकण निळं, दुसरीचं जांभळं. आत्याची शीर सापडेपर्यंत तिनं चार वेळा सुई टोचली होती. रक्त आलं तेही रेंगाळत. निळ्या झाकणाची बाटली कशीबशी झाली आणि शीर बसली.

“रक्त काढतेस का विहीर खणतेस गं?” आत्या डोळे मिटूनच म्हणाली.

धाकटीला हसू आलं. मोठी हसली नाही. तिनं जांभळी बाटली उचलून बाजूला ठेवली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर लिहीत बसलेला तरुण डॉक्टर मान वर न करता म्हणाला, “दोन्ही भरायच्या. दुसरा हात बघा.”

धाकटीनं दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. जांभळी बाटली भरेपर्यंत मी त्या बाटलीकडेच बघत राहिले, कारण आत्याच्या चेहऱ्याकडे बघणं मला जमत नव्हतं.

मग डॉक्टर कागद घेऊन जवळ आला. “ताप कधीपासून आहे?”

“आजच, साहेब,” बाबा म्हणाले. “दुपारी भरून आला एकदम. सकाळपर्यंत ठणठणीत होती.”

“पोटात दुखतं का, आजी?”

“नाय,” आत्या म्हणाली.

“काल, परवा? अंग गरम वगैरे?”

“नाय.”

डॉक्टरनं लिहिलं. बाबा खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. खोटं आत्या बोलत होती, आणि ते कळणारी तिथं मी एकटीच होते. ताप गुरुवारपासून होता. पोट त्याच्याही आधीपासून दुखत असावं. आत्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेला. नाशिकच्या त्या हॉस्पिटलात रविवारची संध्याकाळ होती आणि त्याच्याकडे अजून चार पेशंट होते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला आमच्या पाड्यावर परत आली आणि पुढं तिथंच अंगणवाडी सेविका झाली. बाबा तहसील कचेरीत कारकून लागले आणि जव्हारला राहायला आले. मी जव्हारची, इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली. सुट्टी लागली की मला आत्याकडे पोचवलं जाई. तिथल्या मुलींशी मला फारसं बोलता यायचं नाही. त्यांची बोली वेगळी, माझी पुस्तकी. मी आत्याच्या मागं मागं फिरायचे आणि बघायचे.

वजनाच्या दिवशी ती आढ्याला काटा टांगायची आणि त्याला कापडाची झोळी. एकेक मूल झोळीत बसायचं, रडायचं, आणि आत्या काट्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायची. ज्या मुलाचं वजन तक्त्यावरच्या लाल रेषेखाली जाई, किंवा ज्याच्या अंगात ताप असे, त्याला ती जव्हारच्या सरकारी दवाखान्यात पाठवायची. मूल गेलं की आईलाही जावं लागे, आणि ती गेली की शेतावर, घरच्या बाकीच्या पोरांजवळ कोण? म्हणून आया ताप लपवायच्या. आत्या यायच्या आधी ओल्या फडक्यानं मुलाचं कपाळ पुसून ठेवायच्या.

आत्या कपाळाला हात लावतच नसे. सदऱ्याच्या आत, पाठीवर हात ठेवायची आणि म्हणायची, “कपाळ धुतलंस, पाठ धुवायची राहिली.” बाया हसायच्या, शरमायच्या, शिव्याही द्यायच्या. मग मुकाट्यानं गाठोडं बांधायच्या. तिनं किती मुलं अशी खाली धाडली मला माहीत नाही. ती निवृत्त झाली तेव्हा त्यातलीच दोन-तीन मुलं आपली मुलं घेऊन काट्यापाशी आली होती.

गेल्या उन्हाळ्यात तिला शौचावाटे रक्त जायला लागलं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पाड्यावर पाणी तापवून द्यायला आलेल्या चुलत वहिनीनं पाहिलं आणि बाबांना फोन केला. नाशिकला तपासण्या झाल्या. तिथं डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. मोठ्या आतड्यात गाठ होती, ती कॅन्सरची होती, आणि लगेच काढता येण्यासारखी नव्हती. आधी केमो देऊन ती लहान करायची, मग बघायचं.

परत येताना त्र्यंबकला चहाला थांबलो. आत्या गाडीतच बसून होती. बाबांनी ग्लास दोन्ही हातांत धरून मला सांगितलं, “तो शब्द घरात काढायचा नाही. खचेल ती.”

मी मान हलवली. मान हलवणं मला नेहमीच सोपं गेलंय.

केमोला आम्ही ‘सलाईन’ म्हणायला लागलो. कॅन्सरला ‘गाठ’. आत्याला जव्हारला आमच्या घरी आणलं. तिची सगळी कागदपत्रं माझ्याकडे आली, कारण आमच्या सगळ्या भावकीतली इंग्रजी कागदपत्रं माझ्याकडेच येतात. गॅसचा फॉर्म, बँकेचं पत्र, औषधाच्या डबीवरचा बारीक मजकूर. “आमची इंग्लिश बाई वाचील,” असं आत्याच सगळ्यांना सांगायची. मला ते काम आवडायचं. चार माणसांत बसून स्वतःचं काही बोलावं लागत नाही, दुसऱ्यानं लिहिलेलं तेवढं सांगायचं.

तिसऱ्या सलाईननंतर घरी सोडताना एक मोठा कागद मिळाला. आत्या ओट्यावर सुपात वरई निवडत बसली होती. मी शेजारी बसून एकेक ओळ मराठीत सांगत गेले. कच्चं खाऊ नका. गर्दीत जाऊ नका. पाणी उकळून प्या. मग ते वाक्य आलं. ठळक अक्षरांत होतं आणि चौकटीत होतं. कॅन्सरच्या, केमो चालू असलेल्या पेशंटला ताप येणं ही तातडीची बाब आहे. रात्र असो, दिवस असो, तासाभरात हॉस्पिटलात या. स्वतःहून तापाची गोळी घेऊ नका, कारण तिनं ताप झाकला जातो. पोट दुखलं तर तेही सांगा.

त्यात तो शब्द होता. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “ताप आला तर डॉक्टरांना कळवा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“एवढ्या मोठ्या चौकटीत?” तिनं कागदावर नजर टाकली. “इंग्रजीला जागा फार लागते बाई.”

शब्द टाळायचा तर बाकीचं तरी सांगता आलं असतं. तासाभरात या, गोळी घेऊ नका, एवढं तरी. पण चौकट एकदा सुटली ती सगळीच सुटली. शिवाय ते ‘तासाभरात’ मला आमच्यासाठी लिहिलेलं वाटलंच नाही. तासाभरात जव्हारहून त्र्यंबकसुद्धा गाठता येत नाही. ते कुणा नाशिकच्या माणसासाठी असावं.

मी कागदाची घडी घातली. आत्यानं सूप झटकलं आणि म्हणाली, “गाठ गाठ करता सगळी. त्या गाठीला नाव नाय का?”

मी पाणी आणायला उठून गेले.

बाबांनी मला थर्मामीटर आणून दिला होता, सकाळ-संध्याकाळ बघायला. गुरुवारी दुपारी मी तिला ताक द्यायला गेले. पेला घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती चुलीपाशी ठेवलेल्या भांड्यासारखी गरम होती. मी थर्मामीटर आणला.

“आत्ता नको,” ती म्हणाली. “ताक पिऊ दे. जरा पडू दे.”

तासाभरानं बघितलं तर ताप नव्हता. मानेवर मात्र घामाचे थेंब होते. शुक्रवारी तसंच. आई म्हणाली, “सलाईनचं अंगावर निघत असेल,” आणि भाताची पेज करायला गेली. शनिवारी सकाळी मी आत्याचं अंथरूण झटकत होते, तेव्हा उशीखाली तापाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दहापैकी दोन गोळ्या उरल्या होत्या. शेजारी घडी करून दाबलेला टॉवेल होता. ती दुपारी झोपायची तेव्हा तो टॉवेल उजव्या कुशीला, पोटाशी घट्ट धरून झोपायची, हे मी तीन दिवस बघत होते.

मी पट्टी होती तशी ठेवली. मागं वळले तर आत्या दारात उभी.

“उद्या नवं आहे,” ती म्हणाली.

आमच्याकडे नवं म्हणजे शेतातलं नवीन धान्य पहिल्यांदा खाणं. नवी नागली, नवा तांदूळ कापून घरात आला तरी तो कुणी चाखत नाही. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसानं तो शिजवून आधी देवाला, मग गेलेल्यांना पानावर ठेवायचा आणि पहिला घास स्वतः घ्यायचा. त्यानंतर बाकीच्यांनी. आमच्या घराण्यात आता सगळ्यांत मोठी आत्या. यंदा पाऊस लांबला, कापणी लांबली आणि नवं लांबलं. पाड्यावर चुलत भावांच्या घरात नवी नागली कणगीत येऊन पडली होती आणि त्यांची पोरं अजून रेशनचा तांदूळ खात होती. तिच्यावाचून अडलं होतं.

“उद्या नवं, मग सोमवारी जाऊ हवं तर,” ती म्हणाली. “भाऊसाहेबाला आत्ताच कळलं तर आजच गाडीत घालील मला.” बाबा कारकून झाल्यापासून ती त्यांना भाऊसाहेबच म्हणते, कधी कौतुकानं, कधी टोचून.

“हं,” मी म्हणाले.

त्या ‘हं’चा मी फार विचार केलाय. मला कागद पाठ होता. तरी त्या क्षणी माझ्या डोक्यात जे वाक्य होतं ते ‘कळवा’ एवढंच होतं. कळवायचं तर सोमवारी कळवू. मी स्वतःच मऊ करून सांगितलेलं वाक्य मला खरं वाटायला लागलं होतं.

ज्या बाईनं अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या पोरांचे लपवलेले ताप शोधण्यात घालवली, ती स्वतःचा ताप लपवत होती, आणि तिला तो कसा लपवायचा हे पाड्यावरच्या कुठल्याही आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायची गरजही नव्हती. मला माहीत होतं.

रविवारी शेअर जीपनं मोखाड्याला गेलो, तिथून दुसऱ्या जीपनं पोशेऱ्याकडे. आत्याला पुढं बसवलं. पाड्यापर्यंतचा चढ ती तीनदा बसत चढली. दर वेळी बसताना काहीतरी निमित्त काढायची. कुणाच्या म्हशीची चौकशी, कुणाच्या सुनेची. घरी पोचल्यावर मात्र तिनं कुणाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. पानं मांडली, भात ठेवला, नागलीची भाकर मोडून ठेवली, आणि कुणाकुणाची नावं घेतली ती मला सगळी कळली नाहीत. मग पहिला घास तोंडात घातला. पोरांनी लगेच ओरडा केला आणि पानावर बसली.

ती बाहेर अंगणात आली आणि एकदम तिला हुडहुडी भरली. दात वाजत होते. ओठ काळेनिळे पडले होते. बाबांना वाटलं उपाशीपोटी चढ चढली म्हणून. चुलत काकांनी घोंगडी आणली. तिच्या हाताची नाडी बघायला गेले तर मला ती सापडेना. मला नाडी बघता येत नाही असं मी स्वतःला सांगितलं.

मोखाड्याच्या दवाखान्यात रक्तदाब फार खाली निघाला. सलाईन लावून त्यांनी अँब्युलन्स दिली. घाटात मी तिच्या पायांशी बसले होते. पाय बर्फासारखे आणि पोट, चादरीवर हात ठेवला तरी कळेल इतकं, गरम.

सोमवारी दुपारी जांभळ्या झाकणाच्या बाटलीत जंतू वाढले. निळीत काही नव्हतं.

हे मला कुणी सांगितलं नाही. आत्याच्या पलंगाशी मोठ्या डॉक्टरीणबाई आणि तो तरुण डॉक्टर बोलत होते आणि मी खिडकीशी उभी होते. हॉस्पिटलात डॉक्टर इंग्रजीत बोलतात ते पडदा ओढल्यासारखं असतं. नातेवाईक बाहेर आहेत असं त्यांनी धरलेलं असतं. मी पडद्याच्या आत होते आणि तसं कळू देत नव्हते.

त्यांच्या बोलण्यातून मला समजलं ते असं. काही जंतूंना हवा सोसत नाही. ते आपल्या सगळ्यांच्या आतड्यात, हवा नसलेल्या जागी, जन्मभर राहतात आणि काही करत नाहीत. आतड्याची भिंत शाबूत असेपर्यंत. गाठीनं ती भिंत पोखरली आणि केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आणल्या, की ते पलीकडे जातात. रक्तात ते क्वचित सापडतात. सापडले तर बहुतेक अशाच माणसांत, वय झालेल्या, आतड्याचा कॅन्सर असलेल्या. साध्या बाटलीत ते वाढत नाहीत कारण तिच्यात हवा असते, जांभळीत ती नसते. “मी फार थोड्या केसेस पाहिल्यात अशा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “त्यातल्या घरी किती गेल्या ते आत्ता नको.” मग त्यांनी विचारलं, “एका दिवसाच्या तापात इतकं? हिस्टरी नीट घेतली होती ना?”

तरुण डॉक्टर म्हणाला, “घेतली होती, मॅडम. कालच ताप. पोटदुखी नाही.”

त्याच्या आवाजात थोडी भीती होती. त्याची चूक नव्हती. त्यानंच ती बाटली भरायला लावली होती.

आत्याला स्कॅनला नेलं. मोठ्या बाई जिन्याकडे चालल्या होत्या, मी त्यांच्या मागं गेले आणि त्यांना इंग्रजीत सांगितलं. ताप पाच दिवसांचा आहे. आत्या गोळ्या घेऊन तो लपवत होती. पोट उजव्या बाजूला दुखतं. मला माहीत होतं.

हे सगळं मी न अडखळता बोलले. इंग्रजीत ते कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटत होतं.

त्यांनी मला नीट पाहिलं. “मग काल का नाही सांगितलं?”



त्या रागावल्या नाहीत. कालपासून दिलेलं औषध या जंतूंवर पुरेसं नसतं, दुपारी ते बदललंय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं.

“काल रात्रीच बदललं असतं तर?” मी विचारलं.

“गुरुवारी आला असतात तर,” त्या म्हणाल्या, आणि वाक्य पुरं न करता जिना चढून गेल्या.

चार वाजता आम्हाला एका छोट्या खोलीत बसवलं. स्कॅनमध्ये गाठीच्या जागी आतड्याची भिंत मेलेली दिसत होती आणि तिच्यात वायू भरला होता. सर्जन म्हणाले, तेवढा भाग काढला तर थोडी आशा, पण पांढऱ्या पेशी नाहीत, रक्तदाब औषधावर धरून ठेवलेला आहे, आजींचं वय बघता त्या टेबलावरून परत येतील असं मला वाटत नाही. न काढल्यास औषधांवर दोन दिवस, फार तर तीन. आत्ता त्या शुद्धीवर आहेत. पुढं असतील असं नाही.

“करा, साहेब,” बाबा म्हणाले. सर्जनचं बोलणं पुरं व्हायच्या आतच म्हणाले. “जे असेल ते करा. फक्त तिला काही सांगू नका.”

“सही त्यांचीच लागेल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “त्यांना समजावून सांगून.”

“मी सांगतो. माझं ऐकते ती.”

तिनं त्यांचं कधीच ऐकलेलं नव्हतं, पण त्या वेळी बाबांच्या चेहऱ्याकडे बघून हे कुणाला म्हणता आलं नसतं. बाबा लहान असताना आत्यानं त्यांना पाठीवर बांधून शेतावर नेलेलं आहे. दोघांत अकरा वर्षांचं अंतर. ते उठले तेव्हा खुर्चीचा आधार घेऊन उठले.

आत्याच्या नाकाला ऑक्सिजन होता. डोळे खोल गेले होते, पण उघडे होते. बाबा पलंगाच्या कठड्याला धरून वाकले. “ताई, बारीकसं ऑपरेशन आहे. पोटात इन्फेक्शन झालंय, ते साफ करायचं. दोन-चार दिवसांत घरी.”

“पोट साफ करायला ऑपरेशन?” तिचा आवाज कोरडा होता, शब्द एकेक सुटे येत होते. “एरंडेल दे की.”

“चेष्टा नको गं. सही कर इथं.”

सिस्टरनं फळीवर लावलेला कागद तिच्या हाताशी धरला, बोटांत पेन दिलं. आत्यानं पेन घेतलं, पण टेकवलं नाही. पाड्यावर कुठलीही बाई कागदावर अंगठा देणार असली की आत्या आधी तो कागद अख्खा तिला तिच्या बोलीत समजावून द्यायची, मग कचेरीचा माणूस घड्याळ बघत ताटकळला तरी चालेल. अशी बाई न वाचलेल्या कागदावर सही करणार नव्हती. हे बाबांना आठवायला हवं होतं.

तिनं पेन माझ्याकडे केलं. “वाच.”

“अगं, मी सांगितलं तेच आहे त्यात,” बाबा म्हणाले.

“तू गप, भाऊसाहेब. तुला इंग्रजी येत नाय.”

मी कागद घेतला. अर्धा छापील होता, अर्धा हातानं लिहिलेला. आजाराचं नाव सर्जननं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली धोके, एकाखाली एक. शेवटचा धोका मृत्यू. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही इतकी, नकारार्थी हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायलासुद्धा त्यांना भीती वाटत होती, कारण आत्या बघत होती.

“ताई, डॉक्टर थांबलेत,” ते म्हणाले.

“थांबू दे.” तिनं माझं मनगट धरलं. पकड हलकी होती, पण बोटं चटका बसावा इतकी गरम होती. “सगळं वाच. त्या दिवशी वाचलंस तसं नको.”

तिला तेव्हाच कळलं होतं तर. ओट्यावर, सूप हातात असताना. मोठ्या चौकटीतून मी इतकंसं वाक्य काढून तिच्यापुढं ठेवलं, आणि तिनं ते घेतलं, कारण मला ते देणं जड जातंय हे तिला दिसत होतं.

सिस्टर बाजूला सरकली. मोठ्या बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मी कागद खाली ठेवला. कागदाची मला गरज नव्हती.

“आत्या, तुझ्या आतड्यात कॅन्सर आहे,” मी म्हणाले. “ती गाठ कॅन्सरची आहे. तिथून जंतू रक्तात गेलेत. ऑपरेशन केलं तर तू त्यातून परत येशील असं डॉक्टरांना वाटत नाही. नाही केलं तर दोन दिवस आहेत, फार तर तीन. त्या दिवशीच्या कागदात लिहिलं होतं, ताप आला तर तासाभरात या, आणि गोळी घेऊ नका. ते मी तुला सांगितलं नाही. गोळ्यांची पट्टी मी बघितली होती, तेही मी कुणाला सांगितलं नाही. आता सही करायची का पाड्यावर घरी जायचं, ते तू सांग. तू म्हणशील ते मी सगळ्यांना सांगते.”